हत्तीच्या पोटातलं घंगाळ

मी लग्न होऊन धारूरला आले तेव्हा सासरची एक रीत मला फार नवलाची वाटली. घरातली वस्तू हरवली तर ती कुणी शोधत नसे. तांब्या दिसेना, अडकित्ता दिसेना, माळवदावर वाळत घातलेलं पोतं दिसेना, तर सासूबाई एवढंच म्हणायच्या, "काकानं नेलं आसंल." आणि विषय संपायचा.

काका म्हणजे माझे चुलत सासरे, मामंजींचे धाकटे भाऊ. आमचं घराणं भांड्यांच्या व्यापारातलं. कपाळाला विभूती लावून सकाळी दुकान उघडायचं आणि दिवे लागले की बंद करायचं, याच्यापलीकडे कुणी काही केलेलं नाही. काका तेवढे वेगळे निघाले. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. बाकीच्या वेळात ते काय करतात, असं विचारलं की घरात ज्याचं त्याचं उत्तर वेगळं. मामंजी म्हणायचे, "चित्रं काढतो." माझा नवरा म्हणायचा, "काहीतरी जोडत असतात." सासूबाई म्हणायच्या, "येड लागलंय."

तिन्ही उत्तरं खरी होती. ते चित्रं काढत, पण कागदावर नाही. खताच्या पोत्यांवर, नाहीतर कुणाच्या तरी उतरवलेल्या दारावर. भंगार जोडून पुतळे करत. टेपरेकॉर्डर गळ्यात अडकवून गावभर आवाज गोळा करत फिरत. मामंजी दुपारी दुकानात गादीवर झोपलेत आणि गिऱ्हाईक हाका मारून मारून निघून जातंय, एवढ्याच गोष्टीचा त्यांनी एक सिनेमा केला होता. एकदा तर आठवडी बाजारात अंगाला राख फासून ते दिवसभर शेळ्यांच्या रांगेत न हलता उभे राहिले. त्याला ते नाटक म्हणत. एका गिऱ्हाइकानं भाव विचारला तेव्हा शेळीवाला म्हणे घाईघाईनं बोलला, "ते आमच्यातलं न्हाई."

हे सगळं किल्ल्याच्या अंगाला असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जमा व्हायचं. शेडला मोठं कुलूप. आत काय आहे हे बघायची हौस घरातल्या कुणालाच नव्हती. काकूंनाही नव्हती. त्या मुलाकडे चौसाळ्याला राहायच्या. नवराबायकोत भांडण काही नव्हतं. काकांना पत्र्याखाली झोपायला आवडायचं आणि काकूंना नाही, एवढंच.

मग काही वर्षांपूर्वी कुठूनशी पोरं यायला लागली. कुणी पुण्याचं, कुणी हैदराबादचं, एकजण तर पार केरळचा. दाढ्या वाढलेल्या, पाठीला पिशव्या. दुकानासमोर उभं राहून काकांचं नाव घेत आणि घेताना हात जोडत. कुणीतरी काकांचा सिनेमा इंटरनेटवर टाकला होता आणि तो बघून ही मंडळी वेडी झाली होती. आमच्या मामंजींचं घोरणं त्यांना पाठ होतं. गादीवर बसलेल्या मामंजींना बघून एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मामंजी घाबरून आत गेले.

केरळच्या पोरानं बाही वर करून दंड दाखवला. त्यावर काकांचं तोंड गोंदलेलं, थेट चष्म्यासकट. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि मला बाजूला ओढून म्हणाल्या, "जित्या माणसाचं तोंड कुणी गोंदून घेतं का गं? ह्यानं आईला दाखीवलं का?"

या पोरांच्या मागोमाग पुण्याहून एक क्युरेटर आली. प्रदर्शन मांडणाऱ्या माणसाला क्युरेटर म्हणतात हे मला तिच्यामुळेच कळलं. तिशीची मुलगी, बारीक, केस कापलेले, बोलायला गोड. काकांच्या आजवरच्या सगळ्या कामाचं मोठं प्रदर्शन करायचं, आधी पुण्यात, मग मुंबईत, असा तिचा बेत होता.

"काकांची प्रॅक्टिस फार महत्त्वाची आहे," ती सासूबाईंना सांगत होती.

"अजून प्रॅक्टिसच का?" सासूबाई हळहळल्या. "साठी उलटून गेली की त्यांची."

काकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. पहिलं प्रदर्शन धारूरला व्हायला पाहिजे. ती म्हणाली, धारूरला गॅलरी कुठे आहे? काका म्हणाले, "मंगल कार्यालय हाय की. चातुर्मासात लग्नं नसतेत. रिकामंच पडलेलं आसतंय."

मंगल कार्यालय आमच्याच भाऊबंदांचं. त्यांनीही हो म्हटलं, नाहीतरी तिथं कबुतरंच राहत होती. गुलाबी भिंतींना पांढरा रंग दिला, झुंबराला कापड गुंडाळलं, नवरदेवाच्या खोलीत मामंजींचा झोपेचा सिनेमा लावला. आल्यागेल्याला माहिती सांगायला म्हणून घरात बी. ए. झालेली एकटी मी, तेव्हा मला उभं केलं. क्युरेटरनं मला दोन दिवस शिकवलं. कुणी अर्थ विचारला तर लगेच सांगायचा नाही, उलट "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारायचं. मला हे फार सोयीचं वाटलं.

शेडचं कुलूप निघालं आणि टेंपोच्या खेपा सुरू झाल्या. सगळ्यात शेवटी आला हत्ती. खरंच हत्ती, माणसाच्या दीडपट उंच, आणि नखशिखांत भांड्यांचा. पाय पाण्याच्या बंबांचे, कान पराती कापून केलेले, सोंडेला तांब्यांची माळ, पोट म्हणजे दोन मोठी घंगाळं समोरासमोर जोडलेली. नवरानवरीच्या स्टेजवर तो उभा केला तेव्हा टेंपोवाला भाडं मागायचं सोडून त्याच्याभोवती चकरा मारायला लागला. मी इतकी वर्षं ज्या माणसाला चहा नेऊन देत होते, त्यानं हे केलं होतं. मला एकदम संकोचल्यासारखं झालं.

उद्घाटनाला गावातली पाचपन्नास माणसं आणि बाहेरची ती दाढीवाली पोरं. क्युरेटर हत्तीपाशी उभी राहून बोलत होती. भांड्यांवर टिंबाटिंबांनी कोरलेली नावं होती, त्यावर तिचा फार जीव. "या नावांतून काकांनी अख्ख्या समाजाची आठवण कोरली आहे," असं ती म्हणाली. पोरांनी माना हलवल्या. गावातली माणसं मात्र एकमेकांकडे बघायला लागली. कारण लग्नात दिलेल्या भांड्यांवर नावं घालतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि त्यातली निम्मी तर आमच्याच दुकानात घातलेली.

सासूबाई उठल्या, चष्मा लावला, स्टेज चढल्या आणि हत्तीच्या पोटाखाली वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग आतून आवाज आला, "हे माझ्या बापाचं नाव हाय."

काका पहिल्याच रांगेत बसले होते. म्हणाले, "वहिनी, गळत व्हतं ते."

"गळत व्हतं तर डाग द्यायचा! हत्तीच्या पोटात घालायचं का? बाळंतपणाला माहेरून आणलेलं घंगाळ माझं. तुमची खोड ठावं नव्हती त्या टायमाला, म्या गड्याच्या बायकूवर आळ घेतला!"

क्युरेटरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

चहा उकळायला वेळ लागतो, तेवढाही बातमी गावात पोचायला लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधी बाहेर रांग. क्युरेटर आनंदानं फोनवर कुणाला तरी सांगत होती की ग्रामीण भागात कलेची केवढी भूक आहे. आत शिरलेला एकही माणूस चित्रासमोर थांबत नव्हता. सगळे वाकून, बोटं फिरवून, वस्तू उलट्या करून बघत होते.

एका आजोबांना त्यांच्या गोठ्याचा कोयंडा सापडला. एका न्हाव्याला आरसा सापडला. त्याच्यावर आता काकांनी अर्धा चंद्र रंगवलेला. म्हातारे हेडमास्तर घंटा जोडलेल्या पुतळ्यासमोर काठी टेकून उभे राहिले. "ही आमच्या शाळेची. ही गेली त्या साली आमी अंदाजानंच शाळा सोडत व्हतो." काकांचं सगळ्यात गाजलेलं चित्र एका दारावर होतं, पिवळ्या रानात बसलेला निळा माणूस. पुण्याची पोरं त्याच्यापुढे मांडी घालून बसली होती. त्यांच्या डोक्यावरून एक बाई ओरडली, "आवं, हे आमच्या संडासाचं दार हाय! दोन महिने पोतं लावून भागीवलं आमी!"

पोरं हळूच उठून मागे सरकली.

दुपारी एक गृहस्थ पिशवीतून पाना घेऊन आले आणि हत्तीच्या मागच्या पायाचा नट फिरवायला लागले. तो पाय म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा बंब होता. क्युरेटर धावत स्टेजवर गेली आणि दोन्ही हात पसरून हत्तीपुढे उभी राहिली.

"अहो, एक पाय काढला तर हत्ती पडेल हो!"

"पडू द्या. आमची आंघोळ बंद पडली त्याचं काय?"

काका शांतपणे खुर्चीवर बसून शेंगा खात होते. क्युरेटर त्यांच्याकडे वळली. "तुम्ही काहीतरी बोला ना!"

"काय बोलू? बंब त्याचाच हाय," काका म्हणाले. "चांगला बंब. म्हणून तर पाय केला."

ती खाली बसली. रडेल असं मला वाटलं, पण तशी खमकी होती. पाणी प्यायली आणि मग पानेवाल्यांना म्हणाली, "हे बघा, मोठ्या प्रदर्शनात दुसऱ्याची वस्तू मांडली तर खाली मालकाचं नाव लिहितात. 'सौजन्य' म्हणून. तुमचं नाव लिहिते. पुण्यालाही जाईल, मुंबईलाही जाईल. चालेल?"

गृहस्थांनी पाना खाली घेतला. "पूर्ण नाव लिहिणार?"

"पूर्ण."

"भावाचं नको, माझं लिवा. भाऊ वारला."

तिनं तिथल्या तिथं पांढऱ्या जाड कागदावर सुरेख अक्षरात 'सौजन्य' आणि त्यांचं पूर्ण नाव लिहून पायाशी चिकटवलं. गृहस्थ चार पावलं मागे गेले, बघितलं, मोबाईलवर फोटो काढला आणि पाना पिशवीत ठेवून घरी गेले.

तिला वाटलं, मिटलं. खरं म्हणजे तिथून सुरू झालं. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला आपली वस्तू परत नको होती, चिठ्ठी पाहिजे होती. आणि ज्यांचं काहीच गेलं नव्हतं, त्यांना आपलंही गेलंय असं वाटायला लागलं. एकाच अडकित्त्यावर तीन घरांनी हक्क सांगितला. दोन सख्खे भाऊ एका कंदिलावरून हमरीतुमरीवर आले; काकांनी सांगितलं की तो कंदील त्यांनी बीडच्या बाजारात विकत घेतलाय, तर दोघंही त्यांच्यावरच उलटले. "तुमी गप बसा, तुमाला काय आठवतंय?" संडासवाल्या बाईंनी मला बाजूला घेऊन विनंती केली की चिठ्ठीवर नाव मोठं लिहा, पण दार कशाचं ते लिहू नका.

सासूबाईंचं नाव घंगाळापाशी लागलं. त्या दिवसातून दोनदा येऊन ते बघून जायच्या. पहिल्यांदा आल्या की म्हणायच्या, "चोरच हाय मेला." दुसऱ्यांदा आल्या की शेजारणी बरोबर असायच्या.

एवढी नावं लागतायत म्हटल्यावर पुढारी कसे मागे राहतील? गेवराईकडचे, तलवाड्याच्या बाजूचे एक जुने पुढारी पांढऱ्या गाडीतून आले. मागे दहाबारा कार्यकर्ते. ते सगळीकडे फिरले, चिठ्ठ्या वाचल्या आणि काकांना म्हणाले, "सगळ्या जिल्ह्याचं दिसतंय इथं. आमचंच काय न्हाई व्हय?"

"हाय की," काका म्हणाले. "तुमचा भोंगा हाय."

कोपऱ्यात एका खांबावर जुना कर्णा लावलेला होता. त्यातून काकांनी गोळा केलेले आवाज ऐकू यायचे. पुढारी जवळ गेले. एका पांढऱ्या मिशीच्या कार्यकर्त्यानं कर्ण्यावरचा पोचा ओळखला. "सायब, हा आपल्या त्या सभेतला. तुमी बोलाय उभे ऱ्हायलात आन् आवाज बंद पडला, तो."

त्या सभेत विरोधकांनी भोंगा पळवला, म्हणूनच आपण पडलो, असं पुढारी आजवर प्रत्येक भाषणात सांगत आलेले. त्यांनी काकांकडे रोखून बघितलं.

"तुमी पळीवला? कावून?"

"आवाज लई चांगला व्हता हो त्याचा," काका मनापासून म्हणाले.

पुढाऱ्यांना वाटलं, आपलाच आवाज. त्यांचा चेहरा सैल झाला. "आसं म्हणा की!" त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली, चिठ्ठी लावून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या फाटकावर त्यांचा फ्लेक्स लागला. त्यात ते नमस्कार करत होते, हत्ती मागे लहानसा होता.

पुढारी अजून आत असतानाच त्यांच्या मानासाठी काकांनी भोंग्याचा आवाज पूर्ण वाढवला होता. त्या वेळी त्यातून जे बाहेर पडत होतं, ते म्हणजे सार्वजनिक नळावरचं एक जुनं भांडण. दोन तरण्या बायका, कळशी कुणाची पुढे यावरून. एकीनं दुसरीच्या माहेराचा उद्धार केला, दुसरीनं पहिलीच्या स्वयंपाकाचा. सासूबाई दारातच थबकल्या.

"बंद करा ते! आधी बंद करा!"

कारण त्या दोघींतली एक सासूबाई होत्या, आणि दुसरी काकू. काका यंत्राकडे जाईपर्यंत मात्र सासूबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. मान तिरपी करून ऐकत राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "आवाज काय व्हता गं माझा."

कुणीतरी चौसाळ्याला फोन केला. तुमच्या शिव्या धारूरला भोंग्यावर लावल्यात, पुढारी येऊन ऐकून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस. टी. नं काकू आल्या. हातात जेवणाचा स्टीलचा डबा, पदर कमरेला खोचलेला. भांडायच्या तयारीनंच आल्या होत्या. काका उठून उभे राहिले. गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांना कुणासाठी उठताना पाहिलं नव्हतं.

पण काकूंच्या डोळ्यांपुढे चिठ्ठ्या आल्या. त्या भोंगा विसरून वाचायला लागल्या. हत्ती वाचला, दारं वाचली, घंटा वाचली. मी बरोबर चालत होते. सगळा हॉल संपवून त्या परत स्टेजपाशी आल्या.

"आमच्या घरचं काय लावलंय यात?" त्यांनी काकांना विचारलं.

काका घुटमळले. "तुझं काय न्हाई."

"काय न्हाई?"

"एक पळीसुदीक न्हाई. तुला लागायचं ना. मी तुझ्या घरातलं कधी उचललं न्हाई."

मला वाटलं, आता काकूंना गहिवरून येईल. काकू भडकल्या.

"म्हंजी साऱ्या तालुक्याचं नाव हितं, न्हाव्याचं नाव, त्या पडलेल्या पुढाऱ्याचं नाव, आन् बायकूचंच न्हाई? लोक काय म्हणतेल? हिच्या घरात घेण्यासारखं भांडं नव्हतं म्हणतेल! तुमाला माझ्यातलं एकबी आवडलं न्हाई व्हय इतक्या वर्सात?"

काकांनी चष्मा काढला आणि पुसला. पुन्हा घातला. आम्ही सगळे भिंतीवरची चित्रं बघायला लागलो. त्या दिवशी प्रथमच लोकांनी चित्रं नीट बघितली असतील. काका काहीतरी पुटपुटले ते मला ऐकू आलं नाही. काकूंनी डबा त्यांच्यापुढे धरला.

"घ्या. हा लावा."

"ह्यात जेवण हाय."

"मग जेवा आधी!"

दोघं स्टेजच्या पायरीवर बसली. बाजरीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. सासूबाईही जाऊन बसल्या. दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण ठेचा सरकवत होत्या. जेवण झाल्यावर काकांनी डबा नळाखाली घासून आणला आणि हातात धरून हत्तीभोवती हिंडायला लागले. कानापाशी धरून बघितला, सोंडेपाशी धरून बघितला. काकू सूचना देत होत्या. "शेपटीला लावाल तर बघा." शेवटी शिडी मागवून त्यांनी तो हत्तीच्या पाठीवर बसवला, अंबारीच्या जागी. पितळ-तांब्याच्या त्या सगळ्या पसाऱ्यात एकटा स्टीलचा डबा लखलखायला लागला. क्युरेटरनं तोंडावर हात ठेवला. तिला तो इतका आवडला की तिनं चिठ्ठी स्वतः न लिहिता काकूंनाच लिहायला दिली. काकूंनी नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि खाली कंसात 'बायको'.

श्रावण संपताना प्रदर्शन उठलं. पुण्याला गेलं, तिथून मुंबईला. काका गेले नाहीत. त्यांना नवीन काहीतरी जोडायचं होतं, आणि खरं सांगायचं तर शहरात त्यांना करमत नाही. पण क्युरेटरनं 'सौजन्य'वाल्यांना पुण्याच्या उद्घाटनाचं बोलावणं धाडलं होतं. मामंजींनी मानेनंच नाही म्हटलं. काकू आणि सासूबाई मात्र नव्या लुगड्यांत निघाल्या, बरोबर मी.

गॅलरी म्हणजे सगळं पांढरंशुभ्र, एसीनं थंडगार. लोक पायांचा आवाज न करता चालत होते, हत्तीपासून दोन हात लांब उभे राहून बघत होते. आमच्या दोघी मात्र दोरी ओलांडून थेट हत्तीपाशी गेल्या, सासूबाईंनी पदरानं घंगाळ पुसलं आणि काकूंनी रखवालदाराच्या स्टुलावर चढून डबा. रखवालदार धावत आला, तर सासूबाईंनी त्याला चिठ्ठी वाचून दाखवली.

परत आलो तेव्हा काका शेडच्या दारात पत्रा ठोकत बसले होते. त्यांनी विचारलं, कसं काय झालं?

"लोक लई गरीब हायत बिचारी," सासूबाई म्हणाल्या. "कुणी हातच लावत न्हाई. कुणाचं कायच हरवलेलं दिसत न्हाई."

"आन् हत्ती बरा हाय का?"

"त्याला काय धाड भरली?" काकू म्हणाल्या. "एशीत हाय."